साठचा कागद

माझ्या नणंदेच्या डाव्या हाताच्या दोन बोटांचा मला राग आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकी मुलगी चांगली आहे असं सगळे म्हणतात, आणि चारचौघांत मीही तसंच म्हणते. पण त्या दोन बोटांत कागदाची पट्टी धरून ती मशीनसमोर उभी राहिली की मी हातातलं काम सोडून तिच्याकडेच बघत राहते. हे अजून थांबलेलं नाही.

आम्ही दोघी अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये कामाला आहोत. एक सीएनसी मशीन, दोन ड्रिल मशीन, एक शेठ आणि आम्ही मोजकी माणसं. सीएनसीवर मी सेटर. काय कापायचं हे मशीनला प्रोग्राम सांगतो, पण कापायला कुठून सुरुवात करायची हे माणसानेच दाखवावं लागतं. त्या सुरुवातीच्या जागेला आम्ही झिरो म्हणतो. मशीन इमानी असलं तरी आंधळं असतं. झिरो जिथे दिला तिथून ते बिनचूक मोजत जातं, आणि झिरोच चुकला तर तितक्याच बिनचूकपणे सगळा जॉब, म्हणजे कापायला बांधलेला धातूचा तुकडा, वाया घालवतं.

उंचीचा झिरो आमच्याकडे कागदावर घेतात. जॉबवर कागदाची पट्टी ठेवायची, दोन बोटांनी ती हलकेच मागे-पुढे सरकवत राहायची आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत टूल, म्हणजे कापायचं हत्यार, खाली आणायचं. टूल तेव्हा फिरत नसतं, नुसतं उतरत असतं. एका क्षणी कागद जड होतो. फाटत नाही, पुरता अडकतही नाही, नुसता जड होतो. तिथे हात थांबवायचा. टूलचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये आता फक्त कागद उरलेला असतो, म्हणून कागदाच्या जाडीचा आकडा मशीनला द्यायचा, की झाला झिरो.

हा कागद येतो रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचा. आम्हाला टूल विकणारा व्यापारी दर नवीन वर्षाला एक कॅलेंडर आणून भिंतीला टांगतो. मोठा लाल नाहीतर काळा आकडा, खाली तिथी, नक्षत्र, राहुकाळ. कुणी सिगारेटचा कागद वापरतं, कुणी पावतीचा. आमच्याकडे कॅलेंडरचा. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या जुन्या सेटरांनी ही पद्धत पाडली, आणि ते रिटायर होऊन गावी गेले तरी ती राहिली. सकाळी आल्यावर कालचं पान फाडायचं, त्याच्या लांब पट्ट्या करायच्या आणि दिवसभर पुरवायच्या. त्यांनीच कधीतरी हा कागद मायक्रोमीटरने मोजला होता. साठ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, डोक्याचा केस साधारण साठ मायक्रॉन जाड असतो. त्यांनी मशीनच्या पॅनेलवर मार्करने 'कागद ६०' असं लिहून ठेवलं होतं. अक्षरं पुसट झाली की मी वरून गिरवायचे.

पान फाडण्याला आमच्या शेडमध्ये मान आहे. कालचं पान ज्याच्या हातात, दिवसाचा पहिला झिरो त्याचा. असा नियम कुणी केलेला नाही, पण ड्रिलवरची माणसंसुद्धा त्या कॅलेंडरला हात लावत नाहीत. कित्येक वर्षं तो मान माझा एकटीचा होता. इथे आले तेव्हा मी जॉबच्या कडा घासायच्या कामावर होते. तिथून तपासणीवर, तपासणीवरून मशीनवर. पंचक्रोशीत बाई सेटर म्हणून मी एकटीच असेन असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मी कुणाला विचारून कधी तपासून घेतलं नाही.

मग नणंद आली. माझं सासर निफाडकडचं, द्राक्षाचा थोडा बाग आहे. तिने तिकडे आयटीआय केलं आणि नोकरीसाठी सिडकोत आमच्याकडे राहायला आली. तिला शेडमध्ये कामाला लावलं ते मीच. शेठकडे शब्द टाकला तोही मीच. "घरातलीच आहे, मी शिकवीन," असं म्हणाले होते, ते मला चांगलं आठवतं.

ती माझ्यापेक्षा खूप लहान आहे, पण नवऱ्याची बहीण. त्यामुळे घरी मी तिला 'ताई' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. कामावर मात्र 'अगं'. शेडच्या गेटातून आत शिरलं की मला मनातल्या मनात बरं वाटायचं, कारण तिथून संध्याकाळपर्यंत ती 'अगं' असायची.

पहिल्या दिवशी तिने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी टूल इतकं वर ठेवलं की कागद वाऱ्याने उडून गेला. मी हसले आणि प्रेमाने समजावलं. किती प्रेमाने! चुकणाऱ्या माणसावर प्रेम करणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. तिचा हात मी हातात धरला, तिच्या बोटांमधली पट्टी तिच्याबरोबर सरकवली, "बघ, आता जड झाला, कळलं?" असं विचारलं. तिने मान हलवली. दिवाळी येईपर्यंत तिला ते असं कळलं होतं की मला स्वतःला तसं कधी कळलंच नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं.

त्याचं असं आहे. मला टूल तीनदा आणावं लागतं. एकदा आणते, खात्री वाटत नाही, वर उचलते, परत आणते, आणि तिसऱ्यांदा मनाचा हिय्या करून थांबते. ती एकदाच येते. गप्पा मारत असली तरी, कुणाला हाक मारत असली तरी. चाक फिरतं, बोटं सरकतात, आणि मध्येच हात थांबतो. झालं. तिने घेतलेला झिरो मी परत घेऊन बघायचे. शिकाऊ आहे, तपासलं पाहिजे, असं शेठना सांगायचे. चूक निघायची नाही. चूक निघाली नाही की माझा पुढचा सगळा दिवस वाईट जायचा, आणि संध्याकाळी पोळ्या जाड व्हायच्या.

सकाळी आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर जातो. मी चालवते, ती मागे. गेटाशी आलो की मला गाडी वळवायची, स्टँडला लावायची, कुलूप घालायचं असायचं. तेवढ्यात ती मागून उडी मारून आत जायची. मी आत पोचेपर्यंत कालचं पान तिच्या हातात असायचं. एकदा मी गाडी तशीच टाकून धावले, तर स्कूटी आडवी झाली आणि आरसा फुटला. ती धावत बाहेर आली, गाडी उचलू लागली, "लागलं का हो वहिनी?" असं विचारू लागली. तिच्या हातात पान होतं. तेवढ्यातसुद्धा तिने ते फाडलं होतं.

घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाई निफाडहून यायच्या, सोबत द्राक्षांचा खोका. शेजारणी जमल्या की त्यांना सांगायच्या, "आमची लेक एवढं मोठं मशीन चालवती. कम्प्युटरचं हाय." मग माझ्याकडे हात करायच्या, "आन् ही बी जाती तिच्यासंगं कामाला."

तिच्यासंगं! मी तिथेच बसून द्राक्षं निवडत असायचे. फुटकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. नवऱ्याने एकदा तरी बोलावं, आई, ही आधीपासून आहे, हिनेच तिला लावलं, असं सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. तो टीव्ही बघत द्राक्षं खात होता. मी फुटकी त्याच्या ताटलीत टाकली.

अशात शेठनी नवीन मशीन घ्यायचं ठरवलं. त्याला प्रोब येणार होता. प्रोब म्हणजे एक दांडी, तिच्या टोकाला लाल मण्याएवढी गोळी. ती गोळी आपली आपण जाऊन जॉबला टेकते आणि झिरो मशीनच लिहून घेतं. कागद नको, बोटं नकोत. ते चालवायला शिकण्यासाठी एका माणसाला आठवडाभर पुण्याला पाठवायचं होतं. एकालाच.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते लिहायला आज मला लाज वाटत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी कुठे कामासाठी पाठवलं नव्हतं. गळ्यात नावाचं कार्ड घालून, कुणीतरी 'या मॅडम, बसा' म्हणावं, माझ्यासमोर वही-पेन ठेवावं. परत आल्यावर सासूबाईंनी शेजारणींना सांगावं की आमची सून पुण्याला जाऊन शिकून आली. मी मनात सगळं बसवून टाकलं होतं. सकाळचा डबा नवरा करील, नाही केला तर बाहेर खाईल. कपाटातली न वापरलेली बॅग काढून मी उन्हात ठेवली, आणि कुणी विचारलं तर वास येत होता म्हणून ठेवली असं सांगायचं ठरवलं. कुणी विचारलं नाही.

शेठना विचारलं की ते "बघू" म्हणायचे. नवीन मशीनबद्दल बोलताना ते आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघायचे, आणि ते तिच्याकडे जास्त वेळ बघतात असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. नणंद ओट्याला टेकून उभी राहिली.

"वहिनी, मला जायचंय पुण्याला. तुम्ही शेठला सांगाल का? तुमचं ऐकत्यात ते."

माझे हात कणकेत होते म्हणून बरं. मलाच माझी वाट सोडायला सांगत होती, तीही लाडाने, आणि त्यात काही वावगं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. माझंही तिथे मन असू शकतं हा विचार तिला शिवला नव्हता, कारण तिच्या लेखी मी आधीच पोचलेली होते. वहिनीला काय कमी आहे! मी म्हणाले, "बघू." शेठचाच शब्द तोंडात आला. कणीक मात्र त्या दिवशी फार चांगली मळली गेली.

नवीन वर्ष लागलं. व्यापाऱ्याने नवीन कॅलेंडर आणून टांगलं. पहिल्या दिवशी काही फरक पडला नाही, कारण त्या सकाळी फाडायचं पान जुन्या कॅलेंडरचं शेवटचं होतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं झालं. मी गाडी लावली, ती आत गेली, पान फाडलं, पट्ट्या केल्या.

त्या दिवशी मशीनवर ॲल्युमिनियमचा एक जॉब होता. एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या मालाचे मोजकेच ठोकळे पाठवले होते. त्यात खोलगट खिसा कापायचा, आणि खोलीत वीस मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालणार नव्हता. एखादा ठोकळा जास्त खोल कापला गेला तर तो गेलाच, बदली ठोकळा नव्हता. शेठ स्वतः मशीनजवळ उभे होते. त्यांच्यासोबत नवीन मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस होता, मशीन बसवायची जागा बघायला आलेला. नणंद झिरो घेत होती. पट्टी सरकली, चाक फिरलं, हात एकदाच थांबला. शेठ त्या माणसाला म्हणाले, "बघा, एकदाच. असा हात बघायला मिळत नाही."

असा हात. मी बाजूच्या टेबलाशी उभी होते. मला जवळचं वाचायला चष्मा लागतो. तो धुरकट झाला होता, की माझे डोळेच झाले होते, कोण जाणे. मी टेबलावर उरलेला पानाचा तुकडा उचलला आणि त्याने काच पुसायला लागले. आमच्या कॅलेंडरच्या कागदाने मी कायम चष्मा पुसते. खरखरीत कागद, पुसताना करकर वाजतो, घडी घातली तर ताठ राहतो. हा तुकडा वाजला नाही. बोटात चुरगळून त्याचा पार बोळा झाला.

मी बोळा उलगडला. परत चोळला. कोपरा फाडून बघितला. हा कागद आपला नव्हता.

नणंदेने 'कागद ६०' बघून आकडा भरला होता आणि तिचं बोट मशीन सुरू करायच्या हिरव्या बटणावर गेलं होतं.

"थांब!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की ड्रिलवाल्यांनी ड्रिल बंद केलं. "थांब! बटण दाबू नकोस. झिरो चुकलाय."

"नाय वहिनी, बरोबर घेतलाय."

"तुझा हात बरोबर थांबला असेल. कागद चुकलाय."

मायक्रोमीटर आणला. सगळ्यांसमोर, मुद्दाम सावकाश, मी पट्टी मोजली. पस्तीस. व्यापाऱ्याने यंदा हलक्या कागदाचं कॅलेंडर छापून घेतलं होतं. टूल जॉबच्या पस्तीस मायक्रॉन वर उभं होतं आणि मशीनला सांगितलं होतं की साठ वर आहे. बटण दाबलं असतं तर खिसा पंचवीस मायक्रॉन जास्त खोल गेला असता आणि ठोकळा भंगारात.

सुख कशाला म्हणतात ते मला त्या मिनिटाला विचारायला हवं होतं. जॉब वाचला म्हणून नव्हे. जॉबचं काय! तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ती पॅनेलवरच्या त्या सहाकडे बघत होती, आणि शेठ माझ्याकडे बघत होते. फक्त माझ्याकडे. तिची बोटं कागद जड झाल्याचं सांगतात. पण कागद कुठला आहे हे सांगायला तो वर्षानुवर्षं फाडलेला असावा लागतो, त्याने चष्मे पुसलेले असावे लागतात. हे मी बोलले नाही. पण चेहऱ्यावर सगळं आलं असणार. मी मार्कर घेतला, 'कागद ६०' पुसलं आणि माझ्या अक्षरात 'कागद ३५' लिहिलं. पाच जरा मोठाच काढला.

शेठ त्या कंपनीच्या माणसाकडे वळले. "बघितलं ना? मॅडमनी नुसत्या बोटांनी कागद ओळखला. हा माणूस मी जुन्या मशीनवरून हलवणार नाही. हे मशीन त्यांच्याशिवाय चालायचं नाही."

मी मान खाली घातली, लाजल्यासारखी.

"नवीनचं काय," शेठ पुढे म्हणाले, "त्याला प्रोब आहे. तिथं कुणीही चालेल." त्यांनी नणंदेकडे बोट केलं. "ही जाईल पुण्याला."

माझं तोंड तसंच राहिलं, अर्धवट हसरं. माझं कौतुक चाललं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी 'पण मला जायचंय' असं कसं म्हणायचं? मी जिंकले होते आणि बक्षीस तिला मिळालं होतं. पंधरा मिनिटांपूर्वी गप्प राहिले असते तर... पण तो विचार मी तिथेच सोडून दिला, कारण ओरडल्याशिवाय मला राहवलंच नसतं. तिची चूक मी सोडून देईन? माझ्या हातून ते व्हायचं नाही.

ती पुण्याला गेली. माझी बॅग घेऊन गेली. नवऱ्याने काढून दिली, "चांगली ऊन दाखवून ठेवलीय," म्हणाला. सासूबाई तिला सोडायला म्हणून खास निफाडहून आल्या आणि तिच्यासोबत स्टँडवर गेल्या. आठवडाभर मी एकटी स्कूटीवरून गेले आणि रोज पान फाडलं. तिने गळ्यात कार्ड घातलेला फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. कार्डावर नाव चुकीचं छापलं असेल तर बघावं म्हणून. नाव बरोबर होतं.

नवीन मशीन आलं. पांढरंशुभ्र, दाराला मोठी काच, आत दिवा. आमचं जुनं त्याच्या शेजारी फारच काळवंडलेलं दिसायला लागलं. तिने बटण दाबलं की तो लाल मणी खाली यायचा, जॉबला टेकायचा, बारीक आवाज करायचा, आणि आकडे आपोआप उमटायचे. तेवढा वेळ ती हाताची घडी घालून उभी असायची. गिऱ्हाइकं आली की शेठ आधी तिकडे न्यायचे. मी इकडे कागद सरकवत असायचे आणि कान तिकडे असायचे.

स्कूटीवरून ती आता उडी मारायची नाही. मी गाडी लावून कुलूप घालेपर्यंत सोबत उभी राहायची आणि मग दोघी आत जायचो. कालचं पान रोज माझंच होतं. त्याची मला काही मजा वाटायची नाही. हिसकावून घ्यायला कुणी नसेल तर तो नुसताच एक कागद, तोही यंदा हलका.

असेच काही महिने गेले. मग परवा, जेवणाच्या सुट्टीत, मी डबा उघडायच्या आत नवीन जॉब बांधून ठेवत होते, तेव्हा ती माझ्या मशीनजवळ आली. डबा तिच्या हातात तसाच होता.

"वहिनी, झिरो मी घेऊ का?"

"तुझ्याकडे आहे की तो मणी."

"मणीच घेतो. मी बघत ऱ्हाते नुस्ती." तिने पॅनेलवरच्या माझ्या पस्तीसवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी शेठ काय म्हणले, आठवतंय ना? तुमच्याशिवाय हे मशीन चालायचं नाय. आन् नवीनवर कुणीही चालंल. मी तिथंच हुभी होते. पुण्याला बी मला लय वेळा तेच आठवायचं. कुणीही म्हणून आलीय मी हितं. वहिनी, मला एवढा हेवा वाटतो ना तुमचा, तुम्हाला काय सांगू."

शेठचं ते वाक्य मी इतके महिने घोळवत होते. घरी, गाडीवर, पोळ्या लाटताना. त्यातला 'नवीन' हा शब्द माझ्या हातून गेला म्हणून. त्याच वाक्यातला 'कुणीही' तिच्या अंगावर पडला होता, आणि तो मी एकदाही ऐकला नव्हता. ती माझा हेवा करत होती. माझा! आणि ते सांगायलाही तिला काही वाटलं नाही. माझ्या तोंडून तो शब्द अजून एकदाही निघालेला नाही, आणि ती डबा हातात घेऊन आली, सांगून मोकळी झाली. हेवा करण्यातसुद्धा ती माझ्यापेक्षा सरस.

मी खिशातून पट्टी काढून तिला दिली.

तिने डबा टेबलावर ठेवला, हात ओढणीला पुसले. पट्टी जॉबवर ठेवली. दोन बोटं सरकायला लागली. मधल्या महिन्यांत तिने कागदाला हात लावला नव्हता. आता चुकेल, असं मला वाटलं. निदान दोनदा तरी आणावं लागेल. टूल उतरत गेलं. तिचे ओठ थोडे उघडे होते, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मध्येच हात थांबला.

एकदाच.

तिने पस्तीस भरले आणि बाजूला झाली. ती माझी वाट बघत होती, कारण तिने घेतलेला झिरो मी नेहमी परत घेऊन बघते हे तिला माहीत आहे. माझा हात सवयीने चाकाकडे गेलाही होता. तो मी मागे घेतला, दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

जॉब निघाल्यावर आम्ही दोघींनी मिळून मोजला. बरोबर होता. बरोबरच येणार होता. तेच तर मला सहन होत नाही.